उद्या फळ्यावर काय लिहायचं? दिनविशेष नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

कोथरूडला आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक काळा फळा आहे. गेली अकरा वर्षं मी त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिते. एखादी ऐतिहासिक घटना, एखाद्या गायक-वादकाची जयंती आणि खाली एक वचन. आता शेजारच्या दोन सोसायट्यांत आणि एका छोट्या वाचनालयात हेच काम सुरू होतंय. सुरुवात कुठून करायची, असं तिथल्या मंडळींनी विचारलं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यातूनच आली. दुसऱ्या वर्षी १३ जुलैला मी लिहिलं, ‘आजच्या दिवशी १९६१ साली पानशेत धरण फुटलं.’ माझ्या हातात मुंबईच्या एका दैनिकाचं कात्रण होतं आणि त्यावर १३ तारीख होती. सहावीतल्या एका मुलीने ती ओळ वहीत उतरवून घेतली आणि शाळेत म्हणून दाखवली. संध्याकाळी तिचे आजोबा खाली आले. पुराच्या वेळी ते नारायण पेठेत राहत होते. म्हणाले, “ताई, बुधवार होता तो. बारा तारीख.” बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. त्या मुलीची वही मी स्वतः दुरुस्त करून दिली. फळ्यावरची ओळ पुसता येते, पण तोवर ती कोणाच्या वहीत, कोणाच्या भाषणात जाऊन बसलेली असते. म्हणून दिनविशेष लिहिणाऱ्याचं खरं काम खडू उचलण्याच्या आधीचं आहे.

वही आधी, फळा नंतर

एक जाड, शिवलेली वही घ्या. ३६६ पानं, प्रत्येक तारखेला एक पान. २९ फेब्रुवारीचं पान विसरू नका. इटलीचा संगीतकार रॉसिनी १७९२ साली याच तारखेला जन्मला आणि आपले मोरारजी देसाई १८९६ साली. त्यापुढची चाळीसेक जादा पानं तिथ्यांसाठी राखून ठेवा, म्हणजे तुकाराम बीज, ज्ञानेश्वर महाराजांचा समाधीदिन असे दिवस तिथे जातील. ते इंग्रजी तारखेच्या पानावर लिहिलेत तर पुढच्या वर्षी चुकीच्या दिवशी फळ्यावर येतील.

सगळी वही एका महिन्यात भरायचा उत्साह आवरा. पुढचे पंधरा दिवस तयार असले की पुरे. रोज एक पान भरत गेलात तर वर्षभरात वही आपोआप उभी राहते, आणि घाईत उतरवलेल्या यादीपेक्षा ती कितीतरी भरवशाची असते.

प्रत्येक नोंदीसमोर ती कुठून घेतली ते बारीक अक्षरात लिहा. मी दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय नोंद पक्की धरत नाही. मराठी विश्वकोश, चरित्रकोश, त्या माणसाचं आत्मचरित्र, संस्थेचा स्वतःचा इतिहास यांपैकी कुठलीही दोन चालतील. मोबाइलवर फिरणाऱ्या पाच याद्या म्हणजे पाच पुरावे नव्हेत. चुकासुद्धा शब्दशः सारख्या असतील तर त्या एकाच यादीच्या पाच नकला आहेत हे ओळखावं. कात्रणावरची तारीख ही बातमीची तारीख. घटना बहुधा आदल्या दिवसाची.

वार ही साक्ष

आजोबांनी मला नकळत सर्वांत उपयोगी युक्ती शिकवली. जुन्या कागदांत तिथीबरोबर वार लिहिलेला असतो. तारीख लिहिताना हात चुकतो, छापताना खिळा चुकतो, पण तिथी, तारीख आणि वार ही तिन्ही एकमेकांशी जुळली तर नोंद खरी असण्याची शक्यता खूप वाढते.

शनिवारवाड्याचंच बघा. पायाभरणी १० जानेवारी १७३० आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ अशा तारखा पुस्तकांत दिलेल्या असतात. दोन्ही दिवस शनिवार होते असं परंपरा सांगते. आता आजच्या कॅलेंडरने मागे मोजत जा. दोन्ही तारखांना मंगळवार येतो! पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा मी गोंधळून गेले होते. उलगडा असा की इंग्रजांकडे १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना चालू होती. त्या वर्षी सप्टेंबरात २ तारखेनंतर त्यांनी एकदम १४ तारीख धरली. आपल्या इतिहासात त्याआधीच्या बऱ्याच तारखा त्या जुन्या चालीवर मांडलेल्या आहेत. त्या काळात दोन पद्धतींत ११ दिवसांचं अंतर होतं. १० जानेवारीत ११ मिळवा, २१ जानेवारी १७३० येते आणि वार शनिवार. २२ जानेवारीत ११ मिळवा, २ फेब्रुवारी १७३२ येते आणि वार पुन्हा शनिवार. वाड्याने आपलं नाव राखलं.

सन १७०० च्या आधी हेच अंतर १० दिवसांचं. शिवाजी महाराजांचा जन्म जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या जुन्या सालवार नोंदींत, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा नोंदलेला आहे. ही शकावली लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणली. आपण पाळतो ती १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या चालीची आहे. १० दिवस मिळवले की १ मार्च १६३० येते आणि त्या दिवशी शुक्रवारच आहे. याच्या उलट पानिपत. १४ जानेवारी १७६१ ही १७५२ नंतरची तारीख, त्यामुळे काहीही न मिळवता पौष शुद्ध अष्टमी आणि बुधवार दोन्ही सरळ जुळतात.

मग फळ्यावर १९ फेब्रुवारी लिहायची की १ मार्च? १९ फेब्रुवारीच लिहा. शासकीय जयंती त्याच दिवशी असते, लोकांच्या मनात तीच तारीख आहे आणि ती चूक नाही, फक्त वेगळ्या मोजणीतली आहे. हिशेब वहीत ठेवा, कोणी विचारलं तर दाखवा. तिथीने जयंती साजरी करणारी बरीच घरं आहेत, म्हणून फाल्गुन वद्य तृतीयेलाही मी एक ओळ लिहितेच. आदल्या दिवशी, फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीज असते. देहू आणि शिवनेरी लागोपाठच्या दोन तिथींना फळ्यावर येतात, ते दोन दिवस मला फार आवडतात.

शकाचं इसवी सनात रूपांतर करताना एक सापळा आहे. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण गुढीपाडव्याला शक बदलतो. त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या घटनांना ७९ मिळवावे लागतात. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ चा, तिथे ७८ मिळवून १६७४. पण जन्म फाल्गुनातला, म्हणून १५५१ मध्ये ७९ मिळवून १६३०. माघ-फाल्गुनातल्या नोंदी एका वर्षाने चुकलेल्या दिसल्या की कारण बहुधा हेच असतं.

आणखी एक. हिंदी पुस्तकातून तिथी उतरवताना महिना तपासा. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, पण आपला फाल्गुन वद्य म्हणजे त्यांचा चैत्र कृष्ण. आपली गोकुळाष्टमी श्रावणात, त्यांची भाद्रपदात, दिवस मात्र एकच.

काय निवडायचं

एका तारखेला वीस घटना सापडतात. वीसच्या वीस लिहिल्या तर कोणी एकही वाचत नाही. लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसाकडे अर्धं मिनिट असतं, शाळेच्या व्हॅनकडे धावणाऱ्या पोराकडे तेवढंही नसतं. मी चाळीस-पन्नास शब्दांच्या पुढे जात नाही.

निवडताना मी स्वतःला एकच विचारते : ही गोष्ट वाचणाऱ्याला आज संध्याकाळी जाऊन बघता येईल का? ६ जुलैला रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची जयंती, जन्म १८३७ चा. १९१७ साली त्याच तारखेला त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी, ७ जुलैला, भारत इतिहास संशोधक मंडळाचा स्थापनादिन, साल १९१०. एक लॉ कॉलेज रस्त्याला, दुसरं सदाशिव पेठेत. दोन दिवसांचे दोन फळे जोडून लिहिले तर एखादं कुटुंब रविवारी दोन्हीकडे चक्कर मारून येतं. आमच्याकडे एकदा खरंच असं घडलं.

२४ सप्टेंबरला तर पुण्याच्या दोन मोठ्या घटना आहेत. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि १९३२ साली येरवड्याला पुणे करार झाला. मध्ये ५९ वर्षं, तारीख तीच, शहर तेच. अशा दिवशी तिसरं काहीही लिहू नका. १ ऑगस्टलाही तसंच. १९२० साली मुंबईत टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले. दोन्ही नावं शेजारी-शेजारी, सारख्या अक्षरात लिहा. एकाला मोठा खडू आणि दुसऱ्याला उरलेली जागा असं होता कामा नये.

१२ जुलैला मी आता फक्त ‘१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेत.’ एवढंच लिहिते. बाकीचं ज्येष्ठ मंडळी फळ्यासमोर उभी राहून सांगतात, आणि ते माझ्या लिहिण्यापेक्षा चांगलं असतं.

संगीतकारांचे दिवस

आमच्या फळ्याला वाचक मिळाले ते या भागामुळे. पुण्यात गाणं ऐकणारी माणसं घराघरात आहेत आणि ती चूक लगेच पकडतात, तेव्हा इथे जास्त सांभाळा.

पहिलं म्हणजे शब्द. हयात असलेल्या कलावंताचा ‘वाढदिवस’, दिवंगत असेल तर ‘जयंती’. मी एकदा हयात गायिकेच्या नावापुढे जयंती लिहिली होती. दूध आणायला निघालेल्या काकूंनी ती पाहिली आणि त्या खडू घेऊन येईपर्यंत मला फार वाईट वाटत राहिलं. म्हणून वाढदिवस लिहायचा असेल त्या सकाळी आधी बातम्या बघा, मगच खडू उचला. ‘पुण्यतिथी’ हा शब्द मी तिथीसाठी ठेवते. इंग्रजी तारखेला ‘स्मृतिदिन’ लिहिते. तो अब्दुल करीम खाँसाहेबांनाही शोभतो आणि भीमसेनजींनाही.

दुसरं म्हणजे नावं. नव्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ गंधर्वांमध्ये होतो, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, जन्म २६ जून १८८८. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, जन्म १९ जानेवारी १८८६. कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ, जन्म ८ एप्रिल १९२४. पलुसकरही दोन : विष्णु दिगंबर, जन्म १८ ऑगस्ट १८७२, आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, जन्म २८ मे १९२१. शिवाय विष्णुही दोन. विष्णु नारायण भातखंडे १० ऑगस्ट १८६० चे, म्हणजे दोघांच्या जयंत्या आठच दिवसांच्या अंतराने येतात. दोघांनी स्वरलेखनाच्या पद्धती दिल्या आणि त्या वेगवेगळ्या आहेत. भातखंडे गोकुळाष्टमीला जन्मले आणि १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेश चतुर्थीला गेले, हे लक्षात ठेवलं की तिथीच्या पानावरही त्यांची नोंद करता येते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नुसतं ‘जन्म अमुक साली’ लिहून कोणाला काही मिळत नाही. त्या कलावंताला आपल्या गावाशी किंवा दुसऱ्या कलावंताशी जोडणारा एक धागा द्या. २६ जूनला बालगंधर्वांची जयंती लिहिताना जोडीला लिहा की जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटनही १९६८ साली याच तारखेला झालं. १२ सप्टेंबरला सवाई गंधर्वांचा स्मृतिदिन, साल १९५२. त्यांच्या स्मरणार्थ पुढच्याच वर्षी पुण्यात संगीत महोत्सव सुरू झाला, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी तो आयुष्यभर सांभाळला. बरोबर ४० वर्षांनी, १९९२ च्या १२ सप्टेंबरलाच, मल्लिकार्जुन मन्सूर गेले. एक किराणा घराण्याचे, दुसरे जयपूर घराण्याचे, दोघेही धारवाडच्या मुलुखातले. एवढं लिहिलंत तर ऐकणारा माणूस त्या रात्री दोघांचीही ध्वनिमुद्रणं काढून ऐकतो.

२१ मार्चचा फळा मी दरवर्षी मन लावून लिहिते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ १९१६ चे, आणि जर्मनीतला योहान सेबास्टियन बाख १६८५ चा. बाखची तारीखही जुन्या चालीची आहे, नव्या मोजणीने ती ३१ मार्च होते. शिवजयंतीचं १० दिवसांचं गणित इथेही उपयोगी पडतं. बीथोवेनच्या बाबतीत तर जन्माची नोंदच नाही, बाप्तिस्म्याची आहे : १७ डिसेंबर १७७०, बॉन. तेव्हा ‘१७ डिसेंबरला बाप्तिस्मा झाला’ असंच लिहावं.

साल वादाचं असेल तर साल गाळा. किशोरी आमोणकरांची जयंती १० एप्रिलला. जन्मवर्ष कुठे १९३१ तर कुठे १९३२ छापलेलं दिसतं. मी फक्त १० एप्रिल लिहिते आणि खाली त्यांच्या आई व गुरू मोगूबाई कुर्डीकर यांचं नाव.

रेडिओ विसरू नका. २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे आकाशवाणी सुरू झाली आणि दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या शुक्रवारी तिथून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. गदिमा आणि सुधीर फडके दोघेही १९१९ चे. हा दिवस तारखेला लिहायचा की रामनवमीला, असा प्रश्न पडतो. मी रामनवमीला लिहिते, कारण त्या दिवशी ती गाणी कुठल्यातरी घरातून जिन्यापर्यंत ऐकू येत असतात.

खालची ओळ : वचन

विवेकानंद, कलाम आणि आइन्स्टाइन यांच्या नावावर खपवलेली वाक्यं मोजायला बसलो तर वही पुरायची नाही. माझा नियम कडक आहे. ग्रंथ आणि ओवी, अभंग किंवा लेखाची तारीख सापडत नसेल तर ते वाक्य माणसाच्या नावावर लिहायचं नाही. त्याऐवजी एखादी चांगली म्हण लिहावी. म्हणीला लेखक लागत नाही.

मूळ का बघायचं, त्याचं एक उदाहरण. ‘जे जे आपणासी ठावे, ते ते इतरांसी शिकवावे, शहाणे करून सोडावे सकळ जन’ हे समर्थांचं म्हणून शाळांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं. दासबोध उघडा, दशक १९, समास १०. तिथे आहे : ‘जितुकें कांहीं आपणासी ठावें । तितुकें हळुहळु सिकवावें । शाहाणें करूनी सोडावे । बहुत जन ॥’ भिंतीवरच्या ओळीतून ‘हळुहळु’ गळून गेलं आणि ‘बहुत’चे ‘सकळ’ झाले. ज्याने कधी शिकवलं आहे त्याला कळेल की त्या ओवीचा जीव त्या ‘हळुहळु’तच आहे.

वचन दिवसाशी जुळलं तर उत्तम. बीजेला ‘आम्हां घरी धन शब्दांचीच रत्ने’, १४ जुलैला आगरकरांच्या जयंतीला ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’. जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नका.

प्रत्यक्ष लिहिताना

फळा ओल्या फडक्याने आदल्या रात्री पुसा, सकाळपर्यंत कोरडा होतो. खडू क्षणभर पाण्यात बुडवून लिहिलं तर अक्षर आधी फिकट दिसतं, पण वाळल्यावर ठळक उमटतं आणि हाताला पुसलं जात नाही. डावीकडे तारीख आणि वार, उजवीकडे तिथी आणि शक. मध्ये घटना, त्याखाली संगीत, तळाशी वचन. रंगीत खडू फक्त तारखेला वापरा. तळाची ओळ शाळेतल्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आली पाहिजे, तेव्हा फळा फार वर टांगू नका.

विशेषणं टाळा. ‘थोर’, ‘महान’, ‘अद्वितीय’ या शब्दांनी तीन ओळींतली अर्धी जागा जाते. सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी ‘१० मार्च १८९७ : प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन निधन’ एवढं लिहिलं की विशेषण लागत नाही.

कोणी चूक दाखवली तर तिथल्या तिथे वाद घालू नका. वही घेऊन या, दोघे मिळून बघा. चूक आपली निघाली तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर सर्वांत वर ‘दुरुस्ती’ असं लिहून बरोबर तारीख द्या, आणि ज्यांनी दाखवली त्यांची परवानगी असेल तर त्यांचं नावही. रात्री पुसण्याआधी फळ्याचा फोटो काढून ठेवा आणि वहीत त्या पानावर साल टाका, म्हणजे पुढच्या वर्षी तीच ओळ परत लिहिली जाणार नाही.